नवस शेटचा, कोंबडा दुसऱ्याचा

अण्णा, काल मी तुमचा फोटो फोडला. दोरी तुटली, वाऱ्याने पडला, हातातून निसटला, असलं काही नाही. दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटला, घातलेल्या हारासकट. काच फुटली, चौकट मोडली, झेंडूची फुलं धाकट्या शेटच्या बुटांवर जाऊन पडली आणि एक बारीक काच त्याच्या गालाला लागली. समोर कारखान्याची सगळी माणसं खुर्च्यांवर बसली होती. कोळंबी सोलणाऱ्या बायका आधी किंचाळल्या आणि मग, खोटं कशाला सांगू, त्यांतल्या दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "काच नीट गोळा केलीस ना? कोणाच्या पायात जाईल." बस्स. तुमच्याबद्दल एक शब्द नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्याविषयी बोलायचं तिने जे टाकलंय ते टाकलंयच. तेव्हा म्हटलं, निदान ज्याचं तोंड फोडलं त्याला तरी कळवावं. जिवंतपणी तुमच्या तोंडाला हात लावायची माझी छाती नव्हती. हाताला पट्टी आहे, अक्षर वाकडं येतंय, सांभाळून घ्या. नाहीतरी माझं काही सरळ आहे असं तुम्हाला कधी वाटलं नव्हतंच.

आधी तुमचा फोटो तिथे कसा आला ते सांगतो. बंदरावरचा तुमचा बर्फाचा कारखाना, म्हणजे शेटचा, पण हा फरक तुम्हाला शेवटपर्यंत कळला नाही, तो आता वाढलाय. बर्फाच्या लाद्या आहेतच, शेजारी मासळी गोठवायची मोठी शेड उभी राहिलीय. तुमचे शेट गेले. त्यांचा नातू गादीवर आहे, सगळे त्याला धाकटे शेट म्हणतात. बाहेरदेशी शिकून आलाय. शिवी देत नाही, आवाज चढवत नाही, झाडूवाल्यालाही अहोजाहो करतो आणि आजोबापेक्षा जास्त पिळतो. तुमच्या शेटला नुसता घाम पुरायचा. याला घाम हवा, शिवाय तो गाळताना तुम्ही हसलेलं हवं. "आपण मालक-कामगार नाही, फॅमिली आहोत," हे त्याचं लाडकं वाक्य. ज्या घरातून माणसाला नोटीस देऊन काढता येतं ते कसलं घर, हे माझ्या जिभेवर रोज येतं आणि रोज चहाबरोबर खाली जातं. कारण मीही त्याच घरातला. तुमच्यामागे शेटने मला चिकटवून घेतलं, उपकार म्हणून. मेन्टेनन्सचा सुपरवायझर झालो तरी ते उपकार फेडतोच आहे. बाकी वेळात गावच्या नमन मंडळासाठी वग लिहितो आणि त्यात शेटलोकांची यथेच्छ टिंगल करतो. लोक हसतात, शेट वर्गणी देतात, कोणाचंच काही बिघडत नाही.

होळीच्या थोडं आधी धाकट्या शेटने मला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, तुमच्या वडिलांची स्टोरी आजोबांनी मला सांगितली होती. काय इन्स्पायरिंग आहे!"

"कुठली स्टोरी?"

"बोटांची. बोटं गेली तरी त्यांनी गाडी भरून दिली म्हणे. आजकाल असं डेडिकेशन दिसतच नाही."

"नाही दिसत," मी म्हटलं. "क्रशरला आता जाळी आहे."

तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. मग त्याने बेत सांगितला. शिमग्यात बोटी जोरात असतात, बर्फाला मागणी असते आणि नेमकी तेव्हाच माणसं गावाला पळतात. तर यंदापासून तुमच्या नावाने निष्ठा पुरस्कार. जो शिमग्याला एकही सुट्टी घेणार नाही त्याला. दर्शनी भिंतीवर तुमचा फोटो, आणि चार शब्द मी बोलायचे, कारण मी 'छान लिहितो'. अण्णा, कोकणातला माणूस एरवी मेला तरी चालेल, पण शिमग्याला गावाला जातो. पालखी दाराशी येते, देव वर्षातून एकदा आपल्या घरी येतो, आणि घरचा माणूस बंदरावर मशीन पुसत बसला तर देवाने काय करावं? धाकट्या शेटला मी हे सांगून पाहिलं. तो म्हणाला, "लाइव्ह दाखवता येईल ना, काका. शेडमध्ये स्क्रीन लावू."

पहिला मानकरी त्याने आधीच ठरवून ठेवला होता. कंप्रेसरवरचा ऑपरेटर. संगमेश्वराकडचा, चाळिशीच्या आतला, कामात असा की तुम्ही पाहिलं असतंत तर त्याला मांडीवर घेतलं असतंत. मशीनच्या खोलीतच अंथरूण टाकतो. खोकतो, पण बाहेर येऊन खोकत नाही. त्याच्या घराला गावात मोठा मान आहे. सहाणेवरून, म्हणजे देव शिमग्यात ज्या चौथऱ्यावर बसतात तिथून, पालखी उठली की पहिला खांदा त्यांच्या घराचा. बाप माडावरून पडून खाटेला खिळलाय, भाऊ नाही. गेल्या दोन शिमग्यांना हा गेलाच नाही. गावकऱ्यांनी निरोप धाडला होता की यंदा तुमच्या घरचा खांदा लागला नाही तर मान भावकीत दुसऱ्याकडे जाईल, आणि एकदा गेलेला मान परत येत नाही. मी त्याला म्हटलं, "जा रे. मशीन मी बघतो."

"तुमाला नाय जमायचं, काका. तिचा आवाज मलाच कळतो."

"तिचा म्हणजे? बायकोचा?"

"बायको काय बंद पडत नाय," तो म्हणाला आणि हसला. असं हसला की माझ्या पाठीवर जुने वळ उठले.

ते वळ तुम्हाला आठवत नसतील, मारणाऱ्याला आठवत नाहीत. तुम्ही घरी यायचात तेव्हा आधी वास यायचा, डोळ्यात झोंबणारा अमोनियाचा, आणि मागून तुम्ही. तुम्ही उभ्याने जेवायचात, जणू दाराशी गाडी भरायला उभी आहे. तर तुम्ही उभे आहात, हातात ताट आहे, आई चुलीशी आहे आणि मी शाळेत ऐकलेलं बोलून जातो: "अण्णा, पोरं तुम्हाला शेटचा कुत्रा का म्हणतात?" ताट खाली येतं. आमटी माझ्या पायावर सांडते. दाराआड खुंटीला कंप्रेसरचा जुना पट्टा टांगलेला आहे, रबराचा, कडेला दोरे सुटलेला. तो पाठीवर बसतो तेव्हा आवाज ओल्या कपड्यासारखा येतो. तुम्ही मारतानाही तुमच्या कामासारखेच असता, एका लयीत, लादीमागून लादी. आई मध्ये येत नाही, ती जागेवरून बोलते: "मारा. शेटवर हात उचलायची ताकद नाही ना, मग पोरगा आहेच." तेव्हा तुम्ही तांब्या फेकता. तो तिच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळतो आणि पाणी तिच्या निखाऱ्यांवर पडून सगळं घर धुराने भरतं. त्या धुरात आपण तिघंही खोकत होतो, एवढी एकच गोष्ट मला आठवते जी आपण तिघांनी मिळून केली.

आणि दुसऱ्या संध्याकाळी तुम्ही गोणपाटात, भुशात गुंडाळून एक छोटी लादी आणलीत. आत जास्वंदीचं फूल. डब्यातल्या पाण्यात फूल धरून ते मधोमध गोठेपर्यंत तुम्ही तिथे उभे राहिला असणार. बर्फ इतका स्वच्छ की फूल हवेतच उघडलंय असं वाटत होतं. तुमच्या लादीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं, असं सगळं बंदर म्हणायचं, आणि ते खरं होतं. तुम्ही ती लादी पायरीवर माझ्यापुढे ठेवलीत आणि आत गेलात. मी काय केलं माहिती आहे? अंगणातला दगड घेतला आणि फूल बाहेर काढायला लादी फोडत बसलो. फूल निघालं तेव्हा त्याचा लगदा झाला होता. म्हणजे तुम्हाला नुसतं शिव्या घालून मी मोकळा होऊ शकत नाही, हीच तर अडचण आहे. जो माणूस वाईट काम करतो त्याचा राग सोपा असतो. तुम्ही उत्तम काम करत होतात.

बोटांची ती प्रेरणादायी कथाही एकदा तुमच्यासमोर सांगू द्या, कारण शेटच्या घरात ती फार गोड झालीय. क्रशरमध्ये लादी अडकली होती. बटण बंद करून काढायची असते हे नव्या पोरालाही कळतं. पण जेटीवर एका ट्रॉलरचा तांडेल घाई करत होता, आणि मशीन थांबलं तर शेट काय म्हणतील! तुम्ही हात घातलात. दोन बोटं बर्फाबरोबर गेली. तुम्ही हाताला रुमाल गुंडाळलात, गाडी भरून दिलीत आणि मग दवाखान्यात गेलात. कथा इथे संपते, टाळ्या. पण तो लाल झालेला बर्फ कुठे गेला? कोणी फेकला असं मी आजवर ऐकलेलं नाही. माझी खात्री आहे तो गाडीतच गेला, बांगड्यांवर पसरला, बाजारात पोचला, आणि कोणा सज्जनाने कालवणाचा भुरका मारून "आज मासळीला चव आहे" असं म्हटलं. चार दिवसांनी शेट आपल्या अंगणात आले. "वहिनी, असा माणूस लाखात एक," म्हणाले आणि शाल-नारळ दिला. दोन बोटांची एक शाल. आईने त्या शालीचं चूल सारवायचं पोतेरं केलं. तुम्ही तिला त्यासाठी मारलंत, उरलेल्या बोटांनी. तरी पोतेरं पोतेरंच राहिलं.

आता तो दिवस, ज्याबद्दल आपल्या घरात कोणी बोलत नाही. शिमग्याला आई आणि मी गावाला आलोय, तुम्ही अर्थात कारखान्यात. शेजारच्या घरी पालखी आलीय. त्या घरचा कर्ता तुमच्याच हाताखाली बर्फाचे डबे काढायला होता. त्याने सुट्टी मागितली, तुम्ही नाही म्हटलंत, तो तरी आला. ढोल असा वाजतोय की छातीत बसतोय. पालखी खांद्यांवर नाचतेय, पुढच्या दांडीखाली तो आहे, डोळे मिटलेले, घामाने न्हालेला, अंगणभर गुलाल. आणि पाणंदीतून तुम्ही येताना दिसता, कारखान्याच्याच कपड्यांत, दुपारच्या एस्टीतून उतरून तडक. मला वाटतं, आले, अण्णा शेवटी शिमग्याला आले. आईलाही तसंच वाटतं, कारण ती डोक्यावरचा पदर सारखा करते. तुम्ही अंगणात शिरता, त्याची मानगूट धरता आणि त्याला दांडीखालून ओढून बाहेर काढता.

पालखी कलंडली, अण्णा. देव कलंडले. मागचे गडी गुडघ्यावर आले, कोणीतरी दांडी छातीवर झेलली. तुम्हाला ते दिसलंच नाही. तुम्ही त्याला मारत होतात, कानावर, पुन्हा त्याच कानावर. "तिकडं डबे तसेच ऱ्हायलेत आनि तू हितं नाचतोस? नाचतोस?" त्याच्या कानातून रक्त आलं. तो हातही उचलत नव्हता, कारण पालखीखालून आलेला माणूस हात उचलत नाही. ढोल थांबला. म्हातारे गावकर, गावचे पहिले मानकरी, पुढे आले.

"हात काढ. देवाच्या फुडं हात उगारलास?"

"माजा देव तिकडं बंदरावर हाय," तुम्ही म्हणालात.

मग वाडीने तुम्हाला मारलं. नीट, मनापासून मारलं. ढोलाच्या काठ्यांनी, लाथांनी, ज्याच्या हाताला जे लागलं त्याने. आई मध्ये शिरली, तिलाही दोन बसल्या. मी तुळशीमागे उभा होतो आणि मला वाटत होतं की त्यांनी थांबू नये. थांबले तेव्हा गावकर धापा टाकत म्हणाले, "मंग तुजी पालखी बंदरावरच येऊ दे. हितं नाय." पालखी उचलली गेली आणि आपल्या दारावरून सरळ पुढे गेली. आई पायरीवर ओवाळायचं ताट घेऊन उभी होती, ओठ फाटलेला. पालखी वळणाआड गेल्यावर तिने ताटातला नारळ उचलून तुमच्या पायाशी आपटला. तुम्ही तोंड धुतलंत, उतरत्या उन्हाची एस्टी पकडलीत आणि पाळीवर हजर झालात. आणि शेट काय म्हणाले, ते तुम्हीच एकदा आईला सांगितलंत: "अरे, एवढं कशाला केलंस? त्याच्या जागी मी कधीच दुसरा आणला होता."

हे सांगताना तुम्ही हसला होतात. मला ते हसू अजून पचलेलं नाही. म्हणजे शेटने मागितलंच नव्हतं. चांगला मालक कधी मागत नाही. तो फक्त कौतुक करतो, आणि कोणाचं करतो हे बाकीच्यांना दिसेल अशा जागी उभा राहून करतो. पुढचं माणसं आपसात बघून घेतात. तुमच्यामागे गावाने पालखी पुन्हा आपल्या दाराशी आणली. गावकर म्हणाले, माणूस गेला, दोष गेला. गाव मोठ्या मनाचं. मी तेवढा नाही.

मी यावर फार विचार केलाय, अण्णा, तुमच्या पगारावर वाढलेल्या डोक्याने. कामाचं वेड वाईट असं मी म्हणत नाही. ते फूल गोठवणारा माणूस मला हवाच होता. पण वेड हे नवसासारखं आहे. ज्याचं त्याने बोलावं, आणि फेडताना कोंबडा स्वतःच्या खुराड्यातला द्यावा. हे शेटलोक नवस बोलतात धंद्याच्या बरकतीचा आणि मान मुरगाळतात दुसऱ्याच्या कोंबड्याची. वर त्या कोंबड्याला म्हणतात, तुझी श्रद्धा बघून डोळे भरून आले. मालकाने काम मागावं, चोख मागावं, चुकलं तर कान धरावा. पण माणूस वेडा होईल अशी अपेक्षा ठेवायची असेल तर मग त्याच्या बायकोपुढे उभं राहून ठेवावी, त्याच्या पोरांपुढे, त्याच्या गावच्या सहाणेपुढे, आणि तिथून पाय शाबूत ठेवून परत येऊन दाखवावं.

काल ती बायको आली. सकाळचा कार्यक्रम, शेडमध्ये खुर्च्या, माइक, टेबलावर तुम्ही हार घालून. ऑपरेटर इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. धाकटे शेट बोलत होते की काम म्हणजे प्रेम. तेवढ्यात ती शेडच्या दारातून आत आली, सरळ नवऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

"चला. यष्टी उभी हाय."

"बस जरा. कार्यक्रम झाला की बगू."

"देव सहानेवर बसलेत. उन्हं कलली की उठतील. खांदा कोन देनार? ह्ये तुमचे सर देतील?" ती धाकट्या शेटकडे वळली. "मी देते म्हनलं तर गावकर हसले. बाईचा खांदा चालत नाय. बाईचा हात भाकऱ्यांना चालतो."

लोक हसले. धाकटे शेटही हसले, माइकवर. "ताई, बसा ना प्लीज, आज तुमच्या मिस्टरांचा सत्कार आहे." तेव्हा तिने जे केलं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. शिमग्यात बोंब मारतात ते पुरुष. बायका तेव्हा कानावर पदर घेऊन घरात बसतात. ती शेडच्या मध्ये उभी राहिली, मान वर केली आणि तोंडावर उलटा हात मारत बोंब ठोकली. पत्र्याची शेड घुमली. ती थांबेचना. एक संपली की दुसरी, धाकट्या शेटच्या नावाने, कंप्रेसरच्या नावाने, आणि मग तुमच्या फोटोकडे हात करून, "ह्या मेल्याच्या नावानं बोंऽऽब!" अण्णा, तुमच्यावर इतकं थेट आजवर कोणी बोललं नव्हतं.

ऑपरेटर उठला आणि त्याने तिच्या तोंडात मारली. पूर्ण हाताने. ती खुर्च्यांवर कोसळली, दातांवर रक्त आलं. धाकटे शेट माइकवर म्हणाले, "प्लीज, प्लीज, ही फॅमिली मॅटर आहे, आपण नंतर बघू." बघा, आमची फॅमिली कुठे संपते ते तेव्हा कळलं. आणि ऑपरेटर वळला. तिच्याकडे नाही. हात जोडून धाकट्या शेटकडे. "सॉरी सर," म्हणाला.

त्या 'सॉरी सर'ने माझं काहीतरी सुटलं. फोटोचं सुरुवातीला सांगितलंच. काच माझ्या तळहातात शिरली ते नंतर कळलं. मी ऑपरेटरची कॉलर धरली. "जातोस की नाही? जातोस की नाही?" प्रत्येक शब्दाला एक थोबाडीत. तो माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी लहान, त्याने माझ्या बरगडीत असा गुद्दा घातला की मला कुलदैवत दिसलं. मी त्याच्या नाकावर डोकं मारलं. पन्नाशीच्या माणसाने मारामारी करू नये, राग संपायच्या आधी दम संपतो. आम्ही दोघं तुमच्या काचांवर लोळत होतो, माझ्या हाताचं रक्त त्याच्या शर्टावर, त्याच्या नाकाचं माझ्या. मी ओरडत होतो, "मशीन बंद पडू दे! पडू दे बंद!" शेवटी त्याच्या बायकोनेच आम्हाला सोडवलं. तिने त्याला दंडाला धरून उभा केला, पदराने आधी स्वतःचा ओठ पुसला, मग त्याच पदराने त्याचं नाक. "झालं? चला आता." तो मशीनच्या खोलीकडे बघत होता. ती म्हणाली, "तिकडं नाय. हिकडं." आणि तो गेला. लहान पोरासारखा मागे बघत, पण गेला. दारात रिक्षा धरून दोघं एस्टी स्टँडकडे निघाली.

धाकटे शेट गालाला रुमाल लावून उभे. "काका, मला तुम्हाला काढावं लागेल."

"काढा."

"पण आज नको. आज बोटी लागल्यात. कंप्रेसर कोण बघणार?"

"मग उद्या काढा."

"उद्या पण बोटी आहेत," तो म्हणाला, आणि ते तो अगदी मनापासून, काळजीने म्हणाला.

काचा मी गोळा केल्या. ओल्या गोणपाटाने, दोनदा. मग हाताला पट्टी बांधून कंप्रेसरवर गेलो, कारण दुसरं कोणी नव्हतं. त्याचं खरं होतं, तिचा आवाज मला कळत नाही. सुरुवातीला नाही कळला. दुपार उतरायला लागली तसा कळायला लागला. कुठे दम लागतोय, कुठे तेल मागतेय. संध्याकाळी त्याच्या बायकोचा फोन आला, मागे ढोल. "पोचलाव, काका. खांदा लागला. पयला त्यांचाच. नाक भोपळ्यावानी झालंय, पन पालखीखाली कोन बगतो." मी विचारलं, "आणि तुझा ओठ?" ती म्हणाली, "त्याचं मी बगीन त्यांच्याकडं, पाच दिस जाऊ देत." मान राहिला, अण्णा. त्या घराचा मान राहिला. मी फोन खिशात टाकला आणि डब्यांतून पहिल्या लाद्या निघताना बघायला गेलो. स्वच्छ निघाल्या होत्या. मी एकीच्या आडून पलीकडे हात धरून पाहिला. रेघ न् रेघ दिसत होती.

तेवढ्यात डबे काढणारा एक जण आला, हात पुसत. "काका, घरी सगळी पाहुनी आलीत शिमग्याची. आज जरा लवकर सुटू काय?" काम उरकत आलं होतं. मागे दुसरी माणसं होती. जा म्हणायला माझं काय जात होतं? मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. काही बोललो नाही, हात उचलला नाही, कपाळाला आठीसुद्धा नसेल. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," आणि परत डब्यांकडे गेला. आणि मला बरं वाटलं, अण्णा. पट्टीखाली हात ठणकत होता आणि मला बरं वाटत होतं.

हे पत्र मी पाठवणार नाही. तुमचा पत्ता नाही म्हणून नव्हे. एवढा शेवटचा भाग वाचून तुम्ही खूश व्हाल म्हणून.